शर्यतीचे टायर आणि आप्पांचा सोमवार

मंडळी, एक सवाल टाकतो. एखादा गुण एका जागी थोर ठरला, म्हणजे तो सगळ्या जागी थोरच ठरतो का? ऐका — आणि इतक्यात माना डोलवू नका!

कोल्हापुरात रणधीर नलवडे नावाचा गडी. फाउंड्रीत सुपरवायझर. गाडी एकच, पण तिला कामं दोन! सोमवारी वडिलांना, आप्पांना, गुडघ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं; रविवारी तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर! तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात गाडी? अहो, देवाच्या रथालाही चाकंच असतात ना?

तर टायर झिजले. रणधीर गेला हुसेनभाई टायरवाल्याकडं. "ट्रॅकवर चिकटून बसणारं टायर द्या."

हुसेनभाईनं मऊ रबराचं, कमी खाचांचं टायर पुढं ठेवलं. "हे तापलं की डांबर सोडत नाही. पण रस्त्यासाठी दुसरा सेट ठेवा, साहेब. ट्रॅक संपला की बदलायचा."

"दर आठवड्याला चार चाकं कोण खोलत बसणार? ट्रॅकवर भारी ते रस्त्यावर काय हलकं पडणार हाय?"

बघा — इथंच गडी चुकला!

रविवारी चार चाकांखाली चार लिंबं ठेवून गाडी पुढं घेतली. एक फेरी, दोन, तीन — टायर तापले, आणि वळणावर गाडी अशी बसली, अशी बसली, की रणधीरला स्वतःचाच हेवा वाटला! पहिला नंबर! ढाल घेऊन घरी आला तो हवेतच.

सोमवार सकाळ. कडाक्याची थंडी. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल सांडलेला, वर दव पडलेलं. शेजारी आप्पा — तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, गाडीला कधी ओरखडा नाही. पुढं उसाची ट्रॉली थांबली. रणधीरनं ब्रेक दाबला — आणि टायरनं रस्ता धरलाच नाही! रबर गार, चिखल निघून जायला पुरेशा खाचा नाहीत. गाडी आडवी झाली आणि आप्पांच्या बाजूनं ट्रॉलीकडं घसरत निघाली! रणधीरला दिसत होते फक्त आप्पांचे हात — समोर नसलेलं स्टिअरिंग घट्ट धरलेले.

वीतभर, मंडळी! वीतभर अंतरावर गाडी थांबली.

रणधीरला वाटलं, आता आप्पा सोलून काढणार. आप्पा हळूहळू उतरले, टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "टायर चांगलं हाय, बाळ. पर तापल्याबिगर धरत न्हाई. आमी तर गार रस्त्यावरची मानसं."

रणधीरला तिथंच रडू फुटलं.

आता दर रविवारी ट्रॅकच्या दारात तो चार चाकं बदलतो. जाताना बदलतो, येताना बदलतो. मित्र हसतात. आप्पा स्टुलावर बसून एकेक नट हातात देतात.

मग सवालाचं उत्तर? कारखान्यात दरडावता — तिथं ते लागतंच! बाजारात ताणून धरता — खुशाल धरा! पण तेच टायर घालून घरात शिरता की नाही? मीही शिरतो. आमच्या सौभाग्यवती पुढंच बसल्यात, मान हलवतायत बघा!

आता टाळ वाजतील, नाम घेऊ, आपापल्या घरी जाल. दारात चपला काढाल, तेव्हा क्षणभर थांबा. आत कोण बसलंय ते बघा, आणि चपलेबरोबर आणखी काय उतरवायचं राहिलंय, ते तिथंच उतरवून मग आत जा.