बाबांच्या रिव्हॉल्व्हरचा आवाज

माझा जन्म दिल्लीचाच, करोल बागेतला, पण कोणी विचारलं कुठल्या, तर मी अजून साताऱ्याचीच सांगते, आता तिथे आमचं कोणी नाही, घर नाही, जमीन नाही, तरी तोंडात तेच येतं. बाबा कोरेगावचे. सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी लागली, दिल्लीला पोस्टिंग झालं, म्हणाले दोन-तीन वर्षांत बदली करून घेऊ, आणि यार, ती बदली काही झालीच नाही. म्हणून मी ही अशी, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, ऑफिसात इंग्लिश, आणि चिडले की तिन्ही एकदम. मीही सरकारातच लागले, स्टेनो म्हणून, सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाले. लग्न केलं नाही. लोक विचारतात का, मी म्हणते राहून गेलं, संपला विषय. आई गेल्यावर नोएडाच्या या फ्लॅटमध्ये बाबा आणि मी दोघंच. फार मजेत होतो आम्ही, खरं सांगते.

तुम्ही रिव्हॉल्व्हरचं विचारताय ना, अच्छा, तिकडेच येतेय. बाबा हातमागाच्या एका सरकारी ऑफिसात कॅशियर होते आणि विणकरांची मजुरी घेऊन त्यांना पानिपतला जावं लागायचं, बसने, सोबत एक शिपाई. त्या रस्त्यावर तेव्हा लुटालूट व्हायची, म्हणून साहेबच म्हणाले लायसन्स काढून घ्या. गणपती मंडळातले लोक काय चिडवायचे त्यांना, मराठा गडी पुन्हा पानिपतला निघाला, या खेपेला तरी जिंकून या हो. बाबा पोट धरून हसायचे. आई नाही हसायची.

मंडळातच जाधवकाका होते, फौजेतून रिटायर झालेले, त्यांना आपलं रिव्हॉल्व्हर काढून टाकायचं होतं. बत्तीस बोअरचं, निळसर काळं, लाकडी मुठीचं. हत्यारांच्या ज्या दुकानातून कागद झाले तो दुकानदार म्हणाला, साहब, पुराना माल है, एक बार किसी मिस्त्री को दिखा लो, चलवा के देख लो. बाबा म्हणाले, छे छे, आपलाच माणूस आहे, आपल्या माणसाचं काय तपासायचं. हे तुम्हाला तिकडे पुण्यात बसून कळायचं नाही. इथे परक्या मुलखात कोणी मराठीत या, बसा, चहा घ्या म्हणालं की आम्ही विरघळतो, मग त्याने काहीही गळ्यात मारावं. बाबांनी काकांना एकच विचारलं, आवाज कसा आहे हो याचा? काका म्हणाले, ऐकाल तेव्हा कळेल.

आणि ऐकायचंच राहिलं. काय सांगू तुम्हाला, ते घरी आलं त्याच दिवशी आईने देवापुढे बाबांना उभं केलं आणि म्हणाली, ठेवायचं तर ठेवा, पण यातून बार काढायचा नाही, माझ्या गळ्याची शपथ. बाबा म्हणाले, चोर समोर आला तर? तर पैसे द्या त्याला, म्हणाली, सरकारचेच आहेत. बाबांनी शपथ घेतली आणि पाळली. पानिपतला जाताना कमरेला असायचं, परत आलं की कपाटात. रविवारी काढून मूठ पुसायचे, हातात तोलायचे, आणि मला म्हणायचे, नंदे, कसा असेल गं याचा आवाज? मी म्हणायची, मोठा असेल. म्हणायचे, मोठा तर सगळ्यांचाच असतो, पण कसा असेल? लहान पोराने दुकानाच्या काचेआडच्या खेळण्याकडे बघावं तसं बघायचे त्याच्याकडे. पुढे आई गेली. मग मी एकदा म्हटलं, बाबा, आता चला, शूटिंग रेंजवर जाऊ, मेंबर होऊ, एक गोळी मारून या. तर म्हणाले, शपथ तिच्यासाठी होती, ती गेली म्हणून शपथ गेली का? एवढं बोलून पेपर तोंडासमोर धरला. इच्छा मात्र गेली नव्हती हो, मला दिसत होती ना ती.

दसऱ्याला मात्र थाट असायचा त्याचा. पाटावर लाल कापड, त्यावर आईची विळी, माझं शॉर्टहँडचं पुस्तक, बाबांचं पेन आणि मधोमध ते. बाबा बोट तिळाच्या तेलात बुडवून त्याच्या अंगभर फिरवायचे, मग हळद, मग ओलं कुंकू, नळीला, सिलिंडरला, सगळीकडे, वर अक्षता. देवाला लावतात तसं, हात आखडता नाही. आणि दुसऱ्या दिवशी ते पुसायचं नाही, पूजेचं आहे म्हणून वरवर फडकं मारून तसंच चामड्याच्या पिशवीत. वर्षानुवर्षं.

बाबा गेले आणि मला काही सुचेना. ऑफिस नव्हतं, घरात कोणी हाक मारणारं नव्हतं. लायसन्स त्यांच्या नावावर, म्हणून रिव्हॉल्व्हर हत्यारांच्या दुकानात जमा करावं लागलं, भावकीतले सगळे म्हणाले देऊन टाक, बाई माणसाला काय करायचंय. मी म्हटलं, नाही. शपथ बाबांनी घेतली होती, मी नाही. मी माझ्या नावावर लायसन्स करणार आणि त्यांना जो आवाज ऐकायचा होता तो मी ऐकणार. एकदाच. मग बंद. लायसन्ससाठी किती चकरा मारल्या विचारू नका, पण सरकारी माणसाला सरकारी चकरांचं काय भय. रेंजची मेंबर झाले, त्यांच्या पिस्तुलावर शिकले, साठीची बाई म्हणून पोरंपोरी हसली, हसोत.

रेंजवर रशीदभाई म्हणून हत्यारं बघणारे आहेत, पांढरी दाढी, कमी बोलणारे. त्यांचा नियम असा की बाहेरून आलेलं जुनं हत्यार तपासल्याशिवाय चालवायचं नाही, आणि तपासायचंही चालवणाऱ्याने, त्यांच्या समोर बसून. जो चलाएगा वही जाँचेगा, मॅडम. मी म्हटलं, बिल्कुल. तर पहिलं शिकवलं ते हे की नळी भिंतीकडे, बोट चापापासून लांब, सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा तो फिरता गोल भाग, उघडायचा आणि त्याची सहाही घरं रिकामी आहेत का बघायचं, बघितली तरी पुन्हा बघायची, बोट घालून बघायची. हे मी इतक्यांदा केलं की घरी डबा उघडतानाही दोनदा बघायला लागले. मग सिलिंडर फिरवायला गेले तर तो फिरेचना. अडखळला, थांबला. रशीदभाईंनी वाकून बघितलं, म्हणाले, ये लाल क्या है, जंग? मी बघितलं. गंज कुठला, कुंकू होतं हो ते. तेलात मिसळून, वाळून, दगडासारखं बसलेलं, सिलिंडर आणि नळी यांच्या मधल्या फटीत, कोपऱ्याकोपऱ्यात. मी सांगितलं हे काय आहे ते. ते म्हणाले, अच्छा, पूजा. आणि ब्रश माझ्याकडे सरकवला. ते पुसायचं म्हणजे बाबांचं बोट पुसायचं होतं. मी ब्रश परत खाली ठेवला. ते बिचारे उठून चहा घ्यायला गेले, मग मी पुसलं.

आणि साफ झाल्यावर काय सुंदर निघालं ते, अगदी बाबा म्हणायचे तसं निळसर. मग एकेक तपासणी. घोडा म्हणजे मागचा तो अंगठ्याने ओढायचा भाग, तो हळूहळू ओढायचा, आणि तो पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर आपल्या जागी घट्ट बसला पाहिजे, नाहीतर गोळी नळीत सरळ शिरत नाही. सहाही घरांना करून बघितलं, सहाही वेळा बसला. घोडा चढवून, चापाला हात न लावता अंगठ्याने पुढे ढकलायचा, तो पडता कामा नये. नाही पडला. सिलिंडर धरून हलवायचा, खूप डुगडुगता कामा नये. थोडा हलला, रशीदभाई म्हणाले इतना चलता है. नळीतून उजेडाकडे बघितलं, आतले पीळ, गोळीला गरगर फिरवणारे, ते स्वच्छ, कुठे फुगवटा नाही. मी मनात म्हणत होते, बाबा, आज होणार, आज होणार. गोळ्या माझ्या बॅगेत होत्या.

शेवटी राहिलं नळीचं मागचं तोंड, जिथे सिलिंडरमधून गोळी नळीत शिरते. सगळ्यात जास्त कुंकू तिथेच बसलेलं होतं. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. मला एक केस दिसला. ब्रशचा असेल म्हणून पुसला. पुन्हा दिसला. पुन्हा पुसला. मग नख फिरवलं, तर नख अडलं. मी भिंग खाली ठेवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतः बघितलं, बराच वेळ, टॉर्च लावून, आणि म्हणाले, पुरानी है. चीर होती. आतपर्यंत मळ गेलेला, म्हणजे फार जुनी. बाबांनी तर एकही गोळी झाडली नव्हती, म्हणजे आली तेव्हाच होती ती.

मी म्हटलं, दुरुस्त होईल? म्हणाले, नहीं. मी म्हटलं, एकच गोळी, मी लिहून देते, जबाबदारी माझी. म्हणाले, नहीं. मी म्हटलं, भाईसाब, माझ्या वडिलांची इच्छा होती हो, आणि हे सगळं मराठीतच, कारण रडायला आलं की माझी हिंदी पळून जाते. त्यांना कळलं बरोबर. म्हणाले, आपके वालिद खुद आकर कहें ना बेटी, तो भी नहीं. ये फट गई तो लोहा आपकी आँख में जाएगा. साठीची बाई मी, मला बेटी म्हणाले. मग त्यांनी चापाला लाल दोरा गुंडाळून गाठ मारली, म्हणजे हे चालवायचं नाही, आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

जाधवकाकांचा फार राग आला मला त्या दिवशी. त्यांना माहीत होतं की नव्हतं, आता कोणाला विचारणार, ते जाऊनही जमाना झाला. पण घरी आले आणि वेगळंच मनात यायला लागलं. बाबा इतकी वर्षं त्या बसमध्ये बसायचे ते त्याच्या भरवशावर, ताठ बसायचे, आणि एखाद्या दिवशी खरंच वेळ आली असती तर? आईला त्या चिरेचं काय ठाऊक, तिला फक्त बार नको होता. पण तिच्यामुळे बाबांचा हात शाबूत राहिला, डोळे राहिले, म्हातारपणी त्या डोळ्यांनी मला पेपर वाचून दाखवायचे. मी आईच्या फोटोला नमस्कार केला, तिच्यावर मी बाबांच्या बाजूने आयुष्यभर चिडलेली होते.

आता ते पुन्हा दुकानात जमा आहे, निकाली काढायला दिलंय. रेंजवर मी जाते अजून, रशीदभाई चहा पाजतात, मी नेम बरा मारते असं म्हणतात. तुमचे वडील आहेत ना? आहेत? वा, सुखी असा, त्यांना माझा नमस्कार सांगा. मला काही नको आता. एवढंच वाटतं, बाबांनी एकदा, एकदाच त्या दारातून आत यावं, चपला काढाव्यात आणि विचारावं, नंदे, कसा होता गं आवाज? मी चिरेचं सांगणार नाही त्यांना, बिल्कुल नाही. म्हणेन, छान होता बाबा. तुम्हाला आवडला असता.