एका पानाची गोष्ट

निवृत्त साहेब हयातीच्या दाखल्यासाठी आपल्याच जुन्या ऑफिसातल्या रांगेत उभे होते. खिडकीआडचं बोलणं कानावर पडत होतं.

"मॅडम, डॅशबोर्ड बसवला. क्लाउडवरचं सगळं आता या एका पानावरून चालेल."

"मग आधी दाखले सुरू करा, रांग बघा केवढी झालीय!"

"त्यासाठी क्लाउडचा जुनाच ॲडमिन पासवर्ड लागेल."

"तो जुन्या साहेबांकडे. जाताना कुणाला दिलाच नाही."

"का?"

"म्हणायचे, माझ्याशिवाय इथलं पान हलणार नाही."

"हं. खरंच हलत नाहीये."

साहेबांची मान जरा ताठ झाली. मग ओठ पुटपुटू लागले, बोटं हवेत काहीतरी टाइप करू लागली.

"काका, काय अडलंय हो?" मागच्या बाईंनी विचारलं.

"आठवत नाहीये," साहेब म्हणाले.