कच्च्यावर मी

(मानेसरच्या पलीकडे, अरवलीत, बंद पडलेल्या दगडखाणीकडे उतरणारी कच्ची वाट. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाणीचा खड्डा. जुन्या जीपमध्ये चाकावर दीनानाथ. पुढे पायी, वाट दाखवत, त्यांची मुलगी देवयानी.)

देवयानी : थांबा! बाबा, ब्रेक! ब्रेक!

दीनानाथ : थांबलो की. किंचाळतेस कशाला?

देवयानी : बंपर माझ्या गुडघ्याला टेकलाय! केव्हापासून मूठ दाखवतेय मी. मूठ म्हणजे थांबा. तुम्ही आपले येतच राहिलात.

दीनानाथ : मूठ काय दाखवतेस? तोंडानं सांग.

देवयानी : अच्छा? तुम्हीच शिकवलंय ना. पुढे चालणाऱ्यानं बोलायचं नाही, इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा नाही, फक्त हात बघायचा. कॉलनीच्या ग्राउंडवर विटा मांडून शिकवलंत यार.

दीनानाथ : तेव्हाचं तेव्हा. आता ऊन येतंय डोळ्यांवर.

देवयानी : कुठलं ऊन? मानेसरच्या बाजूनं सगळं पिवळं झालंय. आंधी येतेय. परवाच्या पावसानं पुढची वाट जागोजाग खचलीय, आणि तुमच्या डाव्या चाकापासून कड हातभर पण नाहीये.

दीनानाथ : असू दे. लो गिअर लावलाय, फोर-व्हीलसाठी पुढची चाकं मी स्वतः उतरून लॉक केली. ही जीप विकली जायच्या आधी एकदा खाली न्यायचीय मला, एवढंच. तुझी आई असती तर एव्हाना खाली बसून चहा झाला असता.

देवयानी : आई तर हातच दाखवायची ना?

दीनानाथ : बोलायची ती.

देवयानी : कधीपासून?

दीनानाथ : आता हे काय काढलंस मधेच? चल, हो पुढे.

देवयानी : बाबा, किती बोटं दाखवतेय मी?

दीनानाथ : पोरखेळ लावलायस का इथं?

देवयानी : सांगा.

दीनानाथ : दोन.

देवयानी : माझे दोन्ही हात पाठीमागे आहेत.

दीनानाथ : कडेचं दिसतं मला. हा डोंगर दिसतो, ते कीकराचं झाड दिसतं. मधलं तेवढं गेलंय. जिथं बघायला जावं, तिथंच काही नसतं.

देवयानी : आईला माहीत होतं?

दीनानाथ : तिनंच आधी ओळखलं. जेवताना लोणच्याची फोड उचलायला गेलो, तर दोनदा हुकली. नीला काही बोलली नाही. पुढच्या वेळी इथं आलो, तर हात वर न करता उतरल्या-उतरल्या बोलायलाच लागली. ‘थोडं उजवीकडे घ्या. अजून थोडं. बस.’ मीही काही विचारलं नाही.

देवयानी : आणि ती गेल्यावर मला कोण सांगणार होतं? म्हणून ‘पक्क्यावर तू, कच्च्यावर मी’? मला वाटलं, लाडानं हायवे माझ्या हातात देताय!

दीनानाथ : हायवेवर माणसं असतात. इथं कोण मरणार होतं?

देवयानी : मी! मी उभी आहे इथं, बाबा! आणि खाली खाणीत पालं पडलीत. चुली पेटल्यात त्यांच्या.

दीनानाथ : पालं? गेल्या खेपेला नव्हती.

देवयानी : मैत्रेयीला पुढच्या महिन्यापासून तुमच्याबरोबर कारनं शाळेत पाठवणार होते मी. तुम्ही ‘हो’ म्हणालात. एकुलती एक नात तुमची, आणि ‘हो’ म्हणालात!

दीनानाथ : नाही म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं.

देवयानी : मला आत्ता तुमच्याशी बोलायचंच नाहीये.

दीनानाथ : नको बोलूस. पण ऐक. ब्रेक खाली चाललाय.

देवयानी : म्हणजे?

दीनानाथ : पेडल दाबून धरलंय, तरी हळूहळू बसतंय. हिचं जुनं दुखणं. गाडीसमोरून बाजूला हो. डोंगराच्या अंगानं ये, आणि मोठा दगड उचलून या उजव्या चाकापुढे सार.

देवयानी : वन सेकंड… सारला. अजून एक लावते.

दीनानाथ : आता इंजिन बंद करतो. पहिल्या गिअरमध्ये आहे, धरून राहील. ये, बस माझ्या जागी.

देवयानी : रिव्हर्स घेऊ ना.

दीनानाथ : मागच्या वळणावर खडी सुटलीय. चढताना चाकं नुसती फिरतील आणि गाडी कडेला सरकेल. खाली कीकराच्या पलीकडे वाट रुंद होते. तेवढंच न्यायचंय.

देवयानी : मग सोडून देऊ इथंच! आपण चालत जाऊ. जीपच तर आहे.

दीनानाथ : डाव्या चाकाखालची माती ऐक. सुटतेय ती. आपण गेलो आणि ही खाली गेली, तर कुणाच्या डोक्यावर?

देवयानी : हाक मारते त्यांना. ओ भैया! हटो वहाँ से! भैया!

दीनानाथ : वारा उलटा आहे, देवू. बस आत.

देवयानी : बसले. पण इथून मला डावी कड दिसतच नाही, नुसतं बोनेट दिसतंय. आणि धूळ आली बाबा, बघा, आलीच.

दीनानाथ : क्लचला पाय लावू नकोस. ब्रेकलाही नको. चावी फिरव, इंजिनच धरेल हिला, मुंगीसारखी उतरेल. अगदी थांबायचंच झालं, तर पेडल दोन-तीनदा मारून बघ.

देवयानी : बघ?

दीनानाथ : लागतो बहुतेक. हं, दगड मी चाचपून काढले. मी पुढे चालतो.

देवयानी : तुम्ही? कुठं खचलंय ते तुम्हाला दिसणार नाही!

दीनानाथ : मला नाही दिसणार. मी तुला दिसेन ना?

देवयानी : दिसताय.

दीनानाथ : मग झालं तर. मी बरोबर डाव्या चाकाच्या रेषेत चालतो. माझ्या पायांकडे बघत ये.

देवयानी : आणि पडलात तर?

दीनानाथ : तिथं चाक घालू नकोस.