अण्णांच्या चालण्याला शेळीची सोबत

हसू नका बे, आमच्या वडिलांना, अण्णांना, शेळीनं वाचवलं. अ‍ॅटॅकनंतर डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. पण अण्णा दूध सोसायटीचे चेअरमन. रस्त्यात पायी दिसले की गाडी थांबायचीच.

"चेअरमनसाहेब, पायी कावून? बसा की!"

नको म्हणलं की मत गेलं. म्हणून अण्णा रोज चालायला जायचे आन् गाडीवर बसून यायचे.

शेवटी आईनं त्यांच्या हातात शेळीचं दावं दिलं. शेळीसकट कोण गाडीवर घेतंय? त्यात दुष्काळ, पाल्यासाठी लांब जावंच लागायचं.

तीन महिन्यांनी डॉक्टर तपासून म्हणाले, "झकास! आता काळजी नाही."

आईनं डोळे पुसले. अण्णा म्हणाले, "माझं ठीक हाय, पण शेळी लई वाळली. तिलाबी बघता का?"