विहारात पोहोचलेलं पुस्तक

कुणाला पुस्तक सुचवलं की ते कुठं जाऊन पोहोचेल, काही सांगता येत नाही बघा. आमची मावशी म्हणाली, "वाचाले काही चांगलं दे ना रे." मी पोलंडमधल्या एका ज्यू बाईच्या आठवणी दिल्या, मराठीत. तिनं ते पुस्तक थेट तिच्या पंडरी गावातल्या बुद्धविहारात नेलं. पावसाळ्यातल्या वर्षावासाचं रोजचं ग्रंथवाचन संपलं की बायकांना त्यातलं वाचून दाखवू लागली.

एकदा मीही जाऊन बसलो. त्या बाईच्या घरच्यांना कपड्यांवर खूण शिवायला लावून वेगळ्या वस्तीत हाकलतात, तो भाग चालू होता.

एका आजींनी विचारलं, "कोन्या गावचे होते वं हे लोक?"

मी पोलंड म्हणणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "गावाबाहेरचे."

"हव," आजी म्हणाल्या, "मंग समजलं. वाच पुढं."