सोलिंगातला दगड

मी मूळचा वडूजकडचा, माळावरचा. आमचं घर मेंढरांचं. बाप लवकर गेला, मला थोरल्या भावानं, दादानं वाढवलं. त्यो मेंढरांमागं हिंडला म्हणून मी शाळेत बसलो, म्हणून सांगलीत नोकरी लागली, घर झालं. दादा माळावरच पान लागून, साप चावून गेला. आमच्यात माणूस जिथं जातं तिथं त्याच्या नावाचा दगड मांडत्यात, शेंदूर लावत्यात, आवसंला दूध घालत्यात. वहिनी घालायची.

आता काय सांगू तुम्हाला, सांगलीची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती. दारातली फरशी दोनदा खचली. गवंडी म्हणाला, आवं साहेब, वरनं भारी ब्लॉक घिऊन काय करताय, खाली दम नगो का? दोन फूट काळी काढा, दगडाचं सोलिंग करा, म्हंजी दगड रचून थर, वर मुरूम, पाणी मारून धुमसा, मग ब्लॉक. दगड म्हटल्यावर मी आमच्याच माळाचा ट्रॉलीभर मागवला, भरणाऱ्यांनी सरसकट भरला, आन् बसवताना गवंड्यानं एक उलटा केला तर खाली शेंदूर. म्हणाला, देव हाय का काय ह्यो? मी लगीच वळखला, दादाचा दगड. पर आमी मेंढरवाले हे कॉलनीत कुणाला सांगितलं नव्हतं, शेजारी बघत हुबं, तोंडातनं निघालं, न्हाई, बांधाचा हाय, टाक खाली. टाकला. वर धुमस बसला तवा माझ्याच छातीवर बसल्यागत झालं.

वहिनीला म्हटलं, कुणी न्हेला ठावं न्हाई. तीन वर्सं ती माळ धुंडाळत व्हती.

फरशी मातुर केसाएवढी हलली न्हाई. पुराचं पाणी उभं राहिलं, गल्लीतल्या सगळ्यांच्या फरश्या बसल्या, आमची न्हाई. फकस्त एक हातभर जागा, पाऊस पडला की सगळं दार भिजतं, तेवढी कोरडी. बायको म्हणती, ब्लॉकच तसला असंल. मी मान हलवायचो.

परवा दिवाळीनंतर मेंढरं उसाच्या रानाकडं चालली व्हती, भर दुपारी, तर कळप आमच्या फाटकापाशी थांबला. मेंढका काठी आपटतोय, एक हलंना. फाटक ढकलून आत आली, आन् त्या कोरड्या जागंभवती गोल करून बसली, गप, एकाचं बें न्हाई. मेंढका माझ्याकडं बघून म्हणाला, मामा, कोण हाय हितं?

वहिनी डोळं दाखवायला मिरजेला आलती, आमच्याकडंच उतरलती, दारातच हुबी व्हती. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. रडली न्हाई. म्हणाली, म्हंजी भाऊजी, तीन वर्सं तुमी त्यांच्यावर मोटारसायकल लावताय.

काढू म्हटलं तर गवंडी म्हणतो, सगळं दार फोडावं लागंल, असा घट्ट बसलाय. वहिनी म्हणाली, नगा फोडू, आता कितींदा उठवायचं त्यांना.

मोटारसायकल आता रस्त्यावर असती. आवसंला मीच दूध घालतो. शेजारी इचारत्यात, काय हाय हो तिथं? सांगतो, माझा दादा हाय, मेंढरं राखायचा. तुमी म्हणाल उतार असंल म्हणून जागा कोरडी, पर दूध वाहून जात न्हाई. घालीन तेवढं खाली जातं.