मावशीची कडी

आमच्या उदगीरच्या मावशीची तऱ्हा ऐका. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचा रिपोर्ट आला, ‘HER2 रिसेप्टर पॉझिटिव्ह’. पॉझिटिव्ह म्हटल्याबरोबर मावशीला करोना आठवला. ताट-तांब्या घेऊन मागच्या खोलीत शिरली अन् आतून कडी लावून बसली! कशीबशी समजूत काढून तिला लातूरला नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे तुमच्या गाठीतल्या पेशींना बाहेरच्या अंगानं एक कडी सापडलीय. औषध नेमकी तीच कडी धरतं.”

“येवढ्या बारक्या पेशीला बी कडी हाय?”

“आहे ना.”

मावशी हात जोडून म्हणाली, “बघा की! मी येडी आतून कडी लावून बसले, अन् देवानं रोगाची कडी बाहेरून ठेवली!”